लिमिट पंचाहत्तर हजारांची, लॅपटॉप लाखाचा

१७ ऑगस्टच्या संध्याकाळी सर माझ्या ओसरीवर आले तेव्हा त्यांच्या हातात खाकी पाकीट होतं. आत तीन चिठ्ठ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचं एक घडी घातलेलं रंगीत पत्रक आणि पासबुक. चिठ्ठ्या कार्ड मशीनमधून निघतात तसल्या गुळगुळीत कागदाच्या. एक तर खिशात घामाने इतकी फिकी पडली होती की रक्कम उजेडाकडे धरून वाचावी लागली : १,०१,९९०. तिन्हींवर खाली एकच शब्द. डिक्लाइन्ड.

"काकाजी, पैसे तं कटले, पण लिमिट काही वाढली नाही," सर म्हणाले. "आन् आता भाऊ रोज इचारते, माहे पैसे कुठं हायेत म्हणून."

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडे बँकेचा माणूस मरेपर्यंत बँकेचाच राहतो. लोक कागद घेऊन येतात, मी चष्मा शोधतो. हे प्रकरण मात्र मी वहीत नीट उतरवून ठेवलं. यात कुणी फसवलं नाही, कुणी फसलंही नाही. आणि तरी सहा एकरवाल्या शेतकऱ्याचे ३६,६०० रुपये ऐन पोळ्याच्या तोंडावर अडकून पडले.

माणसं दोन भाऊ. थोरले दारव्हा तालुक्यात कपाशी, तूर, सोयाबीन करतात. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. धाकटे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, ते सर. भाऊंच्या मुलीला नागपुरात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिच्या शाखेला लागणारं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालत नाही म्हणे, म्हणून जो निवडला त्याची किंमत १,०९,९९०. यवतमाळच्या दुकानात १५ ते १७ ऑगस्ट सेल होता आणि सरांच्याच बँकेच्या क्रेडिट कार्डावर ८,००० रुपयांची जागेवर सूट होती. म्हणजे कार्डावरून जायचे १,०१,९९०.

सरांच्या कार्डाची मर्यादा ७५,०००. त्यात आधीचा ८,४०० चा वापर बाकी होता. उरले ६६,६००. कमी पडत होते ३५,३९०.

दुकानातला पोरगा फोनवर म्हणाला, "सर, ऑफर पाहिजे तं पूर्ण रक्कम एकाच स्वाइपमध्ये मारा लागते." आणि सरांच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने तोडगा सुचवला : कार्डात आधीच जास्तीचे पैसे भरून ठेवायचे. बाकी शून्य होऊन वर जमा दिसते आणि मग लिमिटच्या वरची खरेदी होते. त्याने स्वतः मागच्या दिवाळीत फ्रिज असाच घेतला होता. तो खोटं बोलत नव्हता. फक्त त्याचं कार्ड दुसऱ्या बँकेचं होतं.

भाऊंनी तुरीच्या पैशातून राखून ठेवलेले ४५,००० मध्यवर्ती बँकेच्या शाखेतून रोख काढले आणि सरांच्या हातात मोजून दिले. बाकीचे सोयाबीन निघाल्यावर, असं ठरलं. भाऊंची एक लांबट वही आहे, लाल पुठ्ठ्याची. त्यात कुणाकडे काय, हे पेन्सिलने लिहिलेलं असतं. त्यात त्या दिवशी ओळ पडली : कार्डवाले, ४५,०००. सरांनी पैसे दारव्ह्याला मशीनमधून आपल्या पगाराच्या खात्यात भरले आणि १२ ऑगस्टला मोबाईलवरून कार्डाच्या खात्यात टाकले.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण भाऊंच्या डोक्यातला सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. आमच्या भागात 'क्रेडिट कार्ड' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे केसीसी येतं, किसान क्रेडिट कार्ड. १९९८ पासून चालत आलेलं पीककर्ज. भाऊंचंही आहे. वेळेत फेडलं तर केंद्राची व्याजसवलत मिळते, वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची सवलत योजना आहे, आणि ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. शिवाय केसीसीचं खातं फिरतं असतं. त्यात कधी उचलीपेक्षा जास्त जमा पडली, तर त्या जमेवर बचत खात्याच्या दराने व्याज मिळतं. भाऊंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण एकदा त्यांच्या खात्यात असे काही रुपये पडले होते आणि त्यांनी ते शाखेत जाऊन मोजून घेतले होते. त्यामुळे कार्डात जास्तीचे टाकणं हे त्यांना वावगं वाटलंच नाही. "ठेवच हाय ना ते," ते म्हणाले.

सरांच्या हातातलं कार्ड मात्र वेगळ्या जातीचं. त्यात जास्तीची जमा पडली की ती नुसती पडून राहते. व्याज शून्य.

झेंडावंदन, भाषण, गोळ्या वाटणं, एवढं उरकून सर, भाऊ आणि पुतणी अकराच्या लाल परीने यवतमाळला निघाले. पुतणीचं अर्धं तिकीट, २०२३ पासून बायांना एसटीत निम्मं भाडं आहे. दुकानात गर्दी. लॅपटॉप डब्यातून काढून चालू करून दाखवला. मग मशीन आलं.

पहिल्यांदा कार्ड घातलं, पिन टाकला, नकार. मोबाईलवर निरोप आला : आपण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा व्यवहार मोठा आहे. सरांना आठवलं, फसवणुकीच्या बातम्या ऐकून त्यांनीच ॲपमध्ये दुकानातल्या एका व्यवहाराची मर्यादा २०,००० करून ठेवली होती. ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सगळ्या कार्डांना सक्तीची केली आहे : ऑनलाइन, परदेशातला, टॅप करून होणारा व्यवहार हवा तेव्हा चालू-बंद करायचा आणि प्रत्येकाची रक्कम आपली आपण ठरवायची. चांगली सोय आहे. फक्त ठरवणारा माणूस सहा महिन्यांत ती विसरतो.

सरांनी ॲप उघडून ती पट्टी बोटाने उजवीकडे सरकवली. ती ७५,००० वर जाऊन थांबली. पुढे जाईना. पुतणीने तिच्या बोटाने सरकवून पाहिली. भाऊ म्हणाले, जोरानं ओढ. पट्टी तिथेच.

दुसऱ्यांदा नकार. मग ग्राहक सेवेला फोन, संगीत, पुन्हा संगीत. मागे रांगेतला एक माणूस फ्रिजच्या दारावर बोटं वाजवत उभा. पलीकडच्या मुलीने शेवटी सांगितलं ते असं : आपल्या खात्यात ३६,६०० जमा आहेत, ते वापरता येतील. पण एका व्यवहाराची कमाल रक्कम मंजूर मर्यादेइतकीच राहते. सरांना वाटलं तिला कळलं नाही. तिसऱ्यांदा कार्ड घातलं. तिसरी चिठ्ठी.

परतीच्या एसटीत कुणी फार बोललं नाही म्हणतात.

मशीनच्या पलीकडे काय झालं

बेरीज बरोबर होती, ती कुठेही चुकली नव्हती. मर्यादा ७५,०००, वर जमा ३६,६००, एकूण १,११,६००. त्यातून १,०१,९९० गेले असते तरी ९,६१० उरत होते. नकार बेरजेवरून आलाच नाही.

कार्ड मशीनमध्ये घातलं की दोन-तीन सेकंदांत दुकानाची बँक, कार्डाचं जाळं आणि कार्ड देणारी बँक यांच्यात निरोप फिरतो. शेवटचा शब्द कार्ड देणाऱ्या बँकेचा. तिचं यंत्र एकामागून एक प्रश्न विचारतं. कार्ड चालू आहे का? असा व्यवहार ग्राहकाने चालू ठेवला आहे का? रक्कम त्याने ठरवलेल्या मर्यादेत आहे का? बँकेने स्वतः एका व्यवहारावर काही मर्यादा घातली आहे का? खरेदी या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात बसते का? आणि खात्यात जागा आहे का? लोकांना फक्त हा शेवटचा प्रश्न माहीत असतो. सरांनी त्याचं उत्तर चोख तयार केलं होतं, पण पेपर सहा प्रश्नांचा होता.

जागेच्या प्रश्नातही बँकाबँकांत फरक आहे. काहींचं यंत्र सरळ वजाबाकी करतं : मर्यादा वजा बाकी. बाकी उणे असेल, म्हणजे बँकच तुमची देणेकरी असेल, तर उत्तर मर्यादेच्या वर जातं आणि व्यवहार होतो. त्या तरुण शिक्षकाचा फ्रिज असाच आला. काही बँका जमा मोजतात, पण एका फटक्यात मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत, सरांची ही. काही बँकांच्या ॲपवर बिलापेक्षा जास्त रक्कम भरताच येत नाही. काही भरून घेतात आणि जादाचे चार दिवसांनी परत पाठवतात, तोवर सेल संपलेला असतो. आपली बँक यातली कुठली, हे कार्डावर छापलेलं नसतं. भरायच्या आधी विचारावं लागतं, आणि विचारताना प्रश्नही नेमका लागतो. 'जास्तीचे भरले तर चालतील का?' याला सगळे हो म्हणतात. 'मर्यादेपेक्षा मोठा एकच व्यवहार होईल का?' असं विचारलं की माणूस जरा थांबतो.

बँका इतक्या बिचकतात त्याला कारण आहे. आज मोठा भरणा, उद्या मोठी खरेदी, परवा तो भरणाच खोटा निघाला, चेक परत आला किंवा पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यातून चोरून आले असं कळलं, हा चोरांचा जुना रस्ता. कार्डात मोठी जमा पडलेली दिसली की यंत्राला दारव्ह्याचा मास्तर आणि तो चोर यांच्यातला फरक लगेच कळत नाही. शिवाय कार्डाची बिलं वर्षभरात रोखीने १ लाख किंवा इतर मार्गाने १० लाख किंवा जास्त भरली गेली तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. सरांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण चार नातेवाइकांची खरेदी एकाच्या कार्डावर करायची आमच्याकडे रीत पडत चालली आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

एका गोष्टीशी याची गल्लत सर करत होते, तीही सोडवायला लागली. 'ओव्हरलिमिट' नावाची सोय वेगळी. त्यात बँक स्वतःचे पैसे मर्यादेच्या थोडे वर वापरू देते आणि त्याचं शुल्क घेते. रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय ती चालू करता येत नाही, आणि संमती नसताना शुल्कही लावता येत नाही. मास्तरांच्या कार्डावर ती बंद होती. चालू असती तरी ३५ हजारांची उडी तिने मारली नसती.

पैसे परत आणायचं काम

मी सरांना विचारलं, फोनवर परताव्याचं काय म्हणाले? तर उत्तर मिळालं होतं, "काळजी करू नका, पुढच्या खरेदीत आपोआप वळते होतील." १८ तारखेला पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. बँकेच्या बाजूने पाहिलं तर खोटं काहीच नाही. सरांचा महिन्याचा कार्डाचा वापर आठ-नऊ हजार. म्हणजे भाऊंची तूर पुढचे चार महिने सरांच्या घरच्या किराण्यात आणि पेट्रोलमध्ये वळती झाली असती.

भाऊंना पैसे पोळ्याच्या आधी हवे होते. निंदणाच्या बायांची मजुरी द्यायची होती, बैलांचा साज, झूल, मठाटी जुनी झाली होती. शेवटी त्यांनी शेजाऱ्याकडून दहा हजार हातउसने घेतले, आणि तेही वहीत लिहिलं.

या जागी तेच २०२२ चे निर्देश कामाला आले. कार्डखात्यात पडलेली जमा ग्राहकाने आपल्या बँक खात्यात परत मागितली, तर कार्ड देणाऱ्या बँकेने विनंती मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ती द्यायची आहे. ग्राहक सेवेतली पोरं हे आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या पुढच्या पडद्यावर कदाचित ते येतही नसेल. मी सरांना सांगितलं, फोन बंद, आता लिहून.

१९ ऑगस्टला सरांनी तक्रारीच्या नव्हे, विनंतीच्या सुरात ई-मेल पाठवला. मजकूर चार ओळींचा : माझ्या कार्डखात्यात ३६,६०० रुपये जमा आहेत. ही रक्कम कोणत्याही पुढील खरेदीत वळती करण्यास माझी संमती नाही. ती माझ्या खालील बचत खात्यात जमा करावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे त्यासाठी ३ कामकाजाचे दिवस आहेत. खाली खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, भरण्याचा संदर्भ क्रमांक. पूर्ण कार्ड क्रमांक लिहायचा नाही, हे मी दोनदा सांगितलं आणि तरी पहिल्या मसुद्यात त्यांनी तो लिहिला होता.

२० तारखेला उत्तर आलं, पासबुकाचं पहिलं पान पाठवा. पाठवलं. त्याच दिवशी महिन्याचं बिलही आलं, त्यात एकूण देय शून्य आणि शेजारी ३६,६०० च्या पुढे जमेची खूण. बँकेने दिवस मोजले ते २० पासून. २१, २२, मग २३ ला चौथा शनिवार, २४ ला रविवार. २५ ऑगस्टला सकाळी पैसे सरांच्या खात्यात आले. तीन दिवस, कायद्याच्या बोटाला धरून. पोळा शुक्रवारी होऊन गेला होता.

तीस दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा नकार आला असता तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. १४४४८ वर माहिती मिळते आणि तक्रार ऑनलाइन करता येते. इथे तिची वेळ आली नाही.

पत्रकाची मागची बाजू

आता ते रंगीत पत्रक. सर चिठ्ठ्या दाखवत होते तेव्हा मी सवयीने ते उलटून पाहिलं. मागे पुतणीने पेनने हिशेब मांडला होता, सुंदर अक्षरात, आणि त्या हिशेबाच्या खाली, तिच्या आकड्यांनी अर्धवट झाकलेल्या, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी. तिसरी अट अशी : सवलतीसाठी पात्र कार्डावरील किमान व्यवहार ₹६०,०००. एका कार्डावर एकदाच. एवढंच. पूर्ण रक्कम एकाच स्वाइपमध्ये, असं कुठेही नव्हतं. एकाच बिलाचे पैसे कार्ड आणि यूपीआय असे दोन मार्गांनी देऊ नयेत, असंही नव्हतं.

म्हणजे १५ ऑगस्टला सरांच्या कार्डात मुळातच ६६,६०० ची जागा होती. त्यातून साठ-पासष्ट हजार कार्डावर मारायचे, उरलेले भाऊंच्या पैशातून यूपीआयने द्यायचे. आठ हजारांची सूट मिळाली असती आणि कार्डात एक रुपयाही जास्तीचा भरायची गरज नव्हती. त्या पोराला दोष देऊन काय उपयोग? त्याला कुणी तसं सांगितलं असेल, त्याने पुढे सांगितलं. पण लाखाची खरेदी असताना पत्रक उलटायला काय हरकत होती, हे मी सरांना बोललोच. ते मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला शिकवतात, हेही बोललो.

सरांची दुसरी चूक मला यापेक्षा मोठी वाटते आणि ती कुणाच्या लक्षातच आली नव्हती. समजा १५ तारखेला व्यवहार झाला असता. कार्डावर बाकी राहिली असती ६५,३९०. सरांचं म्हणणं, "पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी असते ना, तवर सोयाबीन निघते." सरांचं बिल दर महिन्याच्या २० तारखेला निघतं आणि भरायला वीस दिवस असतात. १५ ऑगस्टची खरेदी २० ऑगस्टच्याच बिलात आली असती, शेवटची तारीख ९ सप्टेंबर. बिनव्याजी दिवस पंचवीस. तेव्हा सोयाबीन शेतात हिरवं उभं असतं. तीच खरेदी २१ ऑगस्टला केली तर ती २० सप्टेंबरच्या बिलात जाते, भरायची तारीख १० ऑक्टोबर, दिवस पन्नास. एका आठवड्याच्या फरकाने मुदत दुप्पट.

आणि ९ सप्टेंबरला पूर्ण भरता आले नसते तर? नुसती किमान रक्कम भरली की व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. महिना साडेतीन टक्के धरला तर ६५,३९० वर साधारण २,२९० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून महिन्याला २,७०० च्या घरात. तीन महिन्यांत आठ हजारांची सूट फिटली. मार्च २०२४ पासून ग्राहकाला बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेता येते; शेतीच्या पैशावर कार्ड फेडणाऱ्याने तिचा विचार करावा, असं मी सरांना सुचवलं. त्यांनी अजून केलेला नाही.

मर्यादाच वाढवून घेता आली असती का? आली असती. सरांची नोकरी कायम, पगार त्याच बँकेत, कार्ड चार वर्षं जुनं, एकही बिल थकलेलं नाही. पगाराच्या दोन-तीन चिठ्ठ्या जोडून अर्ज केला असता तर माझ्या अंदाजाने लाख-दीड लाख सहज झाले असते. बँक आपणहून मर्यादा वाढवू शकत नाही, संमती लागते, म्हणून ॲपमध्ये तसा प्रस्ताव बरेचदा येऊन पडलेला असतो आणि माणूस तो जाहिरात समजून बंद करतो. सरांनी ॲप माझ्यासमोर उघडलं. वाढीव मर्यादेचा प्रस्ताव होता, १,२०,००० चा, जुलैपासून.

ते काही वेळ फोनकडे पाहत राहिले. मी चहा सांगितला.

मग जास्तीचं भरणं कधीच करू नये का? असं मी म्हणणार नाही. कार्डाने बुकिंग करायचं आहे, रक्कम दोन-चार हजारांनी कमी पडते, बँक चालेल म्हणाली आहे आणि परतावा अडकला तरी चूल अडत नाही, अशा वेळी खुशाल भरावेत. स्वतःचे पैसे असावेत. दुसऱ्याचे, त्यातही थोरल्या भावाचे, नसावेत. कार्ड हरवलं किंवा कुणी नंबर उचलला तर मर्यादेबरोबर ती जमाही उघड्यावर असते. आणि भरणा खरेदीच्या आदल्या दिवशी करू नये. पैसे कटल्याचा निरोप लगेच येतो, कार्डाच्या खात्यात ते दिसायला मात्र कधी तासभर, कधी दोन दिवस लागतात. सरांचे तेवढे वेळेत दिसले होते.

लॅपटॉप शेवटी २६ ऑगस्टला आला, त्याच दुकानातून, गणपतीच्या ऑफरमध्ये. यावेळी सूट ६,००० ची होती. ६२,००० कार्डावर, ४१,९९० यूपीआयवर. तोच पोरगा होता. पत्रक उलटं करून पुतणीनेच त्याला अट दाखवली, तो म्हणाला, "हो ताई, होते ना असं." एका दमात, पहिल्याच चिठ्ठीला, बिल झालं. कार्डाचे बासष्ट हजार २० सप्टेंबरच्या बिलात, भरायचे १० ऑक्टोबरपर्यंत. सर म्हणाले, कमी पडले तर सणाचा उचल घेतो.

२५ तारखेला पैसे आले त्या संध्याकाळचं तेवढं राहिलं. सर मला घेऊनच भाऊंकडे गेले, साक्षीदार म्हणून असावं. अंगणात बैल बांधलेले, शिंगांचा रंग अजून ताजा. भाऊ खाटेवर बसले, लाल वही मांडीवर.

"बारा तारखेले देल्ले, आज पंचवीस," त्यांनी बोटं मोजली. "तेरा दिवस. पैशाची तेरवीच झाली म्हणा नं."

सरांनी ३६,६०० पुढे केले. भाऊंनी मोजले. थुंकी न लावता, त्यांची तशी सवय आहे. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आन् याज?"

मी सांगितलं, या कार्डात व्याज नसतं भाऊ. केसीसीसारखं नाही ते.

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. मग वहीतली ओळ पाहिली. कार्डवाले, ४५,०००. हातातल्या नोटांकडे पाहिलं. पुन्हा ओळीकडे.

"पंचेचाळीस देल्ले होते मी."

सर माझ्याकडे पाहू लागले. हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. कार्डात पैसे पडले की आधी जुनी बाकी कापली जाते, आणि मग उरलेली जमा म्हणून दिसते. भाऊंच्या तुरीतून सरांचं जुलैचं पेट्रोल आणि किराणा फिटला होता. ८,४००.

मी समजावून सांगितलं. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं, कानामागची पेन्सिल काढली, 'कार्डवाले' ही ओळ आडवी खोडली आणि तिच्याखाली हळूहळू लिहिलं : लहाना, ८,४००.